देवळीतल्या पिवळ्या गोळ्या

हे मी बायकोलाही सांगितलं नाही, आणि ती गेली. आता सांगतो. रडत सांगणार नाही — ती सवय मला नाही.

शिक्षण माझं चौथी. पण घोटीच्या बाजारात दाणा दाताखाली धरून भाताचं वाण सांगणारा माणूस मी. मला कोण काय शिकवणार?

सुनेचं पहिलं बाळ पाठ उघडी घेऊन आलं, दिवस मावळायच्या आत गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या खेपेला दिवस जायच्या आधीपासून ही फॉलिकची पिवळी गोळी रोज एक — एकच — आणि पहिले तीन महिने चुकवायची नाही. मुलगा नाशकात कंपनीत; महिन्याने यायचा, बाटली आणून भिंतीतल्या देवळीत ठेवायचा.

त्या साली लावणीत मला धाप लागायची. अंगात रक्त कमी. मुगाएवढी ती गोळी — एक खाल्ली. मग दोन. तरतरी आली. एकीने एवढं, तर पाचांनी किती? रोज पाच खाऊ लागलो. घरचा कर्ता माणूस सुनेपुढे धापा टाकत बसणार होता का? सून रिकामी बाटली हलवायची, माझ्याकडे बघायची, परत जागेवर ठेवायची. सासऱ्याला विचारणार कशी?

दुसरं बाळही तसंच आलं. तेही गेलं.

नर्सबाई कडाडल्या, "काय गं, गोळ्या नाही घेतल्यास?"

सून पदर ओढून म्हणाली, "इसरले, बाई."

माझी बायको तिथंच फाडकन बोलली, "जेवायचं बरं नाय इसरत कधी!"

मी दारातच होतो. तंबाखू मळली.

पुढे माझे पाय बधिर झाले. नाशकातल्या गंगापूर रोडच्या डॉक्टरला सांगितलं, गोळ्या खायचो — कुणाच्या, ते नाही सांगितलं. तो म्हणाला, "आजोबा, तुम्हाला बी-बारा कमी. मटण नाही, दूध नाही. त्यात फॉलिक भरमसाट खाल्लं की रक्त सुधारतं, खरा आजार झाकून जातो आणि नसा आतून जात राहतात."

गोळ्या घेतल्या असत्या तरी बाळ वाचलंच असतं, असं छातीठोक कुणी सांगत नाही म्हणे. ती पळवाट मला नको.

भावकीत अजून सुनेला विसरभोळी म्हणतात, लग्नाकार्यात हसतात. ती हसून घेते. माझ्या बधिर पायांवर पाणी घालते, आधी स्वतःचा हात बुडवून बघते — फार कढत तर नाही ना.

ती काही विसरली नव्हती. गोळ्या मी खाल्ल्या.