फ्लेवरचा कौल

मुलुंडच्या समस्त शाकाहारी जनतेत माझ्या मामेसासऱ्यांइतका मासळीवर जगलेला दुसरा माणूस झाला नसेल. मासे खाणारा माणूस जेवताना काय ते मासे खातो आणि हात धुऊन मोकळा होतो. मासे सोडलेला माणूस मोकळा होतच नाही. आमच्या मामांनी, म्हणजे माझ्या बायकोच्या मामांनी, सात वर्षं माशाचं खवलंही तोंडात घातलं नव्हतं आणि त्या सात वर्षांत त्यांच्या तोंडी दुसरा विषय म्हणून आला नव्हता. मी स्वतः वरणभात-लिंबाच्या घरातला. लग्न मालवणकडच्या मुलीशी झालं आणि वर्ष उलटायच्या आत मी पुरता बाटलो. त्यामुळे सासरच्या पंगतीत मोठा मजेशीर देखावा असायचा. जन्माचा शाकाहारी जावई कुर्लीशी, म्हणजे खेकड्याशी, झटापट करतोय आणि जन्माचे मासेखाऊ मामा समोर कोबीची भाजी घेऊन त्याला शिकवतायत, "जावयबापू, नांगी अशी नाय, आडवी धरा. आडवी! अरे देवा, ह्येंच्या हातात कुर्ली म्हणजे फुकट गेली."

हे शाकाहाराचं प्रकरण मामींमुळे सुरू झालं. मामींच्या पोटात गाठ निघाली आणि ऑपरेशन ठरलं. त्यांना आत नेल्यावर मामांनी हॉस्पिटलच्या वऱ्हांड्यात नर्सला विचारलं, "कोकण खंयच्या बाजूक?" तिने घाईघाईत दाखवलेल्या दिशेला नेमका संडास होता. मामा त्या दाराकडे तोंड करून उभे राहिले, हात जोडले आणि गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, हिका उठव. मी जल्मभर वशाट खावचंय नाय." वशाट म्हणजे मासे, मटण, अंडी, जे जे म्हणून वास मारतं ते सगळं. मामी उठल्या. नुसत्या उठल्या नाहीत, महिन्याभरात पाट्यावर वाटण वाटायला लागल्या. मामांचा देवावर विश्वास होता तसा तो व्यवहारावरही होता. देवाने शब्द पाळला, आता आपण पाळायचा. मामींचा जीव आपल्या जिभेवर टांगलेला आहे, ही त्यांची पक्की समजूत होती आणि त्यावर थट्टा केलेली त्यांना चालत नसे.

मात्र "खावचंय नाय" एवढंच ते म्हणाले होते. हुंगणार नाही, हात लावणार नाही, गप्पा मारणार नाही, असं काही बोलले नव्हते. रविवारी सकाळी मामा पिशवी न घेता बाजारात जात आणि अनोळखी गिऱ्हाइकांना पापलेट निवडून देत. एकदा एका कोळणीने शेवटी वैतागून विचारलं, "ओ काका, घ्यायचं नाय तर कल्ले कशाला उचकटता? पेशंट हाय काय तो तुमचा?" शेजारच्या खिडकीतून बांगडा तळल्याचा वास आला की मामा पेपर घेऊन त्या बाजूच्या खुर्चीत बसत आणि पेपर उलटा असला तरी वाचत. घरात कच्च्या केळ्याची सुरमई व्हायची. केळ्याचे तिरपे काप, त्याला कोकमाचं आगळ, तिखट, रवा, सगळं रीतसर. पण मामांना काटा काढल्याशिवाय जेवल्यासारखं वाटेना. मग मामी प्रत्येक कापात नारळाच्या झावळीच्या हिराचा एक स्वच्छ धुतलेला तुकडा खोचून तळायच्या. मामा तो काटा दोन बोटांनी अलगद ओढायचे, चोखायचे आणि ताटाच्या कडेला ठेवायचे. हे मी या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

बटाट्याच्या रश्श्याला मटण मसालाच लागायचा. मुलुंडच्या गुजराती वाण्याकडे जाऊन मामा भर गर्दीत खणखणीत आवाजात "मटण मसाला" मागायचे. वाणी कानात बोलायचा, "काका, धीरे बोलो ना, गिराइक भाग जाएगा." मामा आवाज आणखी चढवायचे. "पुडीवर वाच काय लिहिलंय. धने, मिरी, दालचिनी. मटण खंय आसा ह्यात? दाखव माका. नावाक काय घाबरतंस?"

मामांचा हा आत्मविश्वास काही वाऱ्यावरचा नव्हता. भांडुपला एका इसेन्सच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली होती. सरबतात, बिस्किटात, आइस्क्रीममध्ये घालायचे वास तिथे बाटल्यांत भरले जायचे आणि मामा त्यांचे स्टोअरकीपर होते. त्यांच्या शर्टाला सोमवारी गुलाबाचा आणि शनिवारी अननसाचा वास यायचा. "जावयबापू," ते मला म्हणायचे, "तीस वर्षां मी हापूसचो इसेन्स भरतंय. आंबो फाटकातसून आत कधी इलो नाय. एकदाच इलो, तो मॅनेजरच्या डब्यात. फ्लेवर म्हणजे नुसतो वास. वासाक जीव नसता. जीव नाय तर वशाट कसला?"

तेव्हा बाजारात नव्या शेवयांची पाकिटं आली होती, त्यांत चिकनच्या चवीचंही एक होतं. मामांनी ते पहिल्या आठवड्यातच आणलं आणि निर्मळ मनाने खाल्लं. हळूहळू बिल्डिंगमध्ये त्यांचा लौकिक झाला. मुलांनी हट्ट धरला की शाकाहारी घरातल्या बायका पाकीट घेऊन खाली यायच्या. "काका, ये चलेगा क्या?" मामा पाकीट फोडायला लावायचे, डोळे मिटून हुंगायचे आणि निवाडा द्यायचे, "चलेगा. कोंबडी इसके आसपास भी नहीं गयी." वरच्या मजल्यावरच्या एका आजोबांनी या निवाड्यानंतर मामांशी बोलणं टाकलं, पण त्यांची नातवंडं चोरून मामांकडे खायला यायची.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात शेजाऱ्यांचा जहाजावरचा मुलगा सिंगापूरहून एक खोका घेऊन आला. खोक्यावर वळणदार लालबुंद कोळंबीचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत 'प्रॉन फ्लेवर'. आत काचेच्या चकत्यांसारखे कडक पापड. मामींनी एक तेलात सोडला तर तो पंज्याएवढा फुलला. मामांनी 'फ्लेवर' हा शब्द दोनदा बोटाने वाचून खात्री केली आणि घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं होतं. "सुंगटा," एवढंच म्हणाले. सुंगटं म्हणजे कोळंबी. "ह्यो वास करणाऱ्याचे पाय धरूक व्हये. आमच्या कारखान्यात असो कारागीर नाय." त्यानंतर रोज जेवताना दोन, चहाला दोन, असं करत पंधरा दिवसांत त्यांनी खोका संपवला.

आणि मग मी माती खाल्ली. रविवारी गेलो होतो, हातात काही नव्हतं म्हणून रिकामा खोका घेतला आणि मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. सोललेली कोळंबी, टॅपिओका, मीठ आणि साखर. पहिल्या नंबरला कोळंबीच होती. वाचून झाल्यावर मला कळलं की आपण काय वाचलं. मामांनी खोका माझ्या हातातून घेतला, चष्मा चढवला, ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. "फ्लेवर म्हणून लिवलेला हा," ते पुटपुटले. "फसवल्यानी माका." मी म्हटलं, "अहो मामा, नकळत झालं, देवाला कळतं." त्यांनी चष्मा उतरवला आणि खोका माझ्या हातात परत दिला.

त्याच आठवड्यात मामींच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितले आणि रिपोर्ट यायला पाच दिवस लागतील म्हणाले. मामांनी जेवणच सोडलं. मामी समजावून थकल्या. "अवो, पोट माजा दुकता, तुमी कित्याक उपाशी?" मामा ताट झाकून ठेवत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "गावाक जाऊन कौल लावूचो लागतलो. तुम्ही वाचलात, तुम्हीच चला." हा न्याय मला पटला नाही, पण वाचलं मीच होतं. रजा टाकून मी त्यांच्याबरोबर एसटीत बसलो.

कौल म्हणजे देवाला थेट विचारायचं. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सकाळी देवळात मामांनी आपला गुन्हा कबूल केला. म्हातारा गुरव नीट ऐकून म्हणाला, "तां सगळा खरा. पण फ्लेवर म्हंजे काय?"

"वास," मामा म्हणाले.

"वास खातत?"

"आता मुंबैत खातत."

गुरवाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने सुस्कारा सोडला आणि गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! तुजा लेकरू पोटासाठी मुंबैक गेला. थंय तेणी सुंगटाचो फ्लेवर म्हणान सुंगटाच खाल्ल्यान, म्हाराजा!" कट्ट्यावर बसलेले दोनचार म्हातारे सवयीने ओरडले, "व्हय म्हाराजा!" मला हसू आवरेना म्हणून मी खांबाआड गेलो. तिथून मामांचा चेहरा दिसला आणि हसू आपोआप गेलं. रिपोर्ट जणू त्या पाषाणावरच लागणार होता.

चूक माफ आहे का, या प्रश्नाला उजवी पाकळी लगेच पडली. मामांनी हात जोडून डोकं जमिनीला टेकवलं. पण गुरव उदार माणूस होता. सात वर्षांचा हिशोब ऐकून त्याला दया आली असावी. त्याने आपणहून दुसरा प्रश्न घातला, नवस पुरा झाला का? पुन्हा उजवी पाकळी. गुरव खूश होऊन म्हणाला, "देवान तुमका मोकळा केल्यान! एक कोंबो देवा आणि परसाद खावा. आजपासून सगळा चलता."

म्हणजे सात वर्षांच्या शाकाहाराची सांगता देवाने कोंबडीच्या रश्श्याने करायची ठरवली होती. कोंबडा आला, वाटण झालं, दुपारी पानं मांडली. रस्सा असा होता की माझ्या तोंडाला आधीच पाणी सुटलं होतं. मामांनी पान समोर ओढलं, वाकून डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला आणि पान माझ्याकडे सरकवलं.

"जावयबापू, तुम्ही खावा."

"मामा, अहो, देवाने सोडलंय तुम्हाला!"

"देवान सोडल्यान. मी सोडूचंय नाय." मग आजूबाजूला कोणी ऐकत नाही असं पाहून ते हळूच म्हणाले, "नवस फिटलो म्हणजे देव मोकळो झालो. मगे तिच्याकडे कोण बघतलो?"

मी दोन्ही पानं संपवली. त्याची मला आजही थोडी लाज वाटते. पण त्याहून जास्त त्या माणसाचा हेवा वाटतो. लग्नाला चार वर्षं झालेला मी, माझ्या बायकोसाठी संध्याकाळची भजीसुद्धा सोडली नसती.

परत आलो त्या दिवशी रिपोर्ट आला होता. गाठबीठ काही नव्हती. आम्लपित्त होतं. डॉक्टरांनी मामींना विचारलं, "घरात एवढा मटण मसाला कोण खातं?" मामी हसत हसत हे सांगत होत्या आणि मामा दाराच्या कडीला धरून उभे होते. मग मामींनी विचारलं, "काय म्हणालो देव?"

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती.

"माफ केल्यान," ते म्हणाले. "पण नवस चालू ठेव म्हणालो. जल्मभर."

मामी भडकल्या. दुधीची भाजी ताटात वाढता वाढता त्या देवावर तोंड टाकत राहिल्या, "असलो कसलो मेलो देव! एका सुंगटासाठी माणसाक जल्मभर लटकवन ठेवता!"

मी मान खाली घालून जेवत होतो. मामांनी भाकरीचा तुकडा मोडला, बिनमसाल्याच्या दुधीत बुडवला आणि म्हणाले, "ठेवंदे."