शैलाताईसमोर गाणं लावू नये

शैलाताईबरोबर बसून एखादं गाणं शेवटपर्यंत ऐकल्याचं मला आठवत नाही. पहिलं कडवं संपायच्या आत तिचा हात बटणावर जायचा. "थांब. काय म्हणाला हा?" झालं! गाणं राहायचं बाजूला आणि गाणाऱ्याची झडती सुरू व्हायची.

ती माझी थोरली चुलत बहीण. कामतघर वस्तीत कापडाच्या लूमच्या भिंतीला लागून तिचं घर, आणि नोकरी राहनाळच्या एका गोदामात, परत आलेला माल तपासण्याची. नाद मात्र विलायती रॉकचा. "लूमच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला बासरी ऐकू येते का? त्याला ड्रमच लागतो," असं म्हणायची.

बरं, आवडतं ते गोड मानून ऐकावं, तर तेही नाही. "काय गिटार वाजवतो मेला, काळीज हलतं! पण बायको सोडून गेली तर तिला डाकीण म्हणतो. अरे बाबा, तू घरी होतास कधी?" बायकांनाही सूट नव्हती. "आवाज वाघिणीचा, आणि गाणं काय, तर तू न्हाय तर मी मरंन. मर मग!" सिनेमाला नेलं तर शेजारच्या रांगेला ऐकू जाईल असं विचारायची, "ही हिरोइन नाचते न्हाय तर रडते. हिला दुसरं काम न्हाय का?" पुढे मी तिला सिनेमाला नेणंच सोडलं.

माझ्या हळदीला तर तिनं कहर केला. मांडवात डीजे दणाणत होता, भाऊ घामाघूम होऊन नाचत होते. तेवढ्यात बाईला 'माल' म्हणणारं गाणं लागलं. ताई तरातरा गेली आणि तिनं वायरच उपटली. "माल मी रोज तपासते. ही माझी बहीण हाय!"

भाऊ खवळले. वेळ निभावून न्यावी म्हणून म्हाताऱ्या आत्यांनी जुनी हळदीची गाणी धरली. सासरी मान खाली घाल, कुणाला उलटून बोलू नको, अशी. ताईनं तीही थांबवली. "हे तर डीजेपेक्षा वाईट."

"मग आम्ही काय मयताला आलोय?" त्यातली एक आत्या कडाडली. मी हळदीनं माखलेल्या तोंडानं ओरडले, "ताई, तू घरी जा!" ती गेली. पण पुन्हा डीजे लावायची कुणाला हौस राहिली नव्हती. माझी हळद मुकीच गेली.

मी कित्येक महिने तिच्याशी बोलले नाही. मग एक दिवस माझ्या सासरी येऊन उभी राहिली. म्हटलं, आली माफी मागायला. तर म्हणाली, "माफीबिफी काय न्हाय. एक बाई गिटार वाजवत्ये, ऐक." आणि अर्ध्यात बंद करून तिलाही नावं ठेवली.

आता तिचे कान गेलेत. ढोल, गिटार कळतं, शब्द कळत नाहीत. कानातल्या मशीननं सगळं पत्र्यावर वाजल्यासारखं येतं, म्हणून गाण्याच्या वेळी ती मशीन काढून ठेवते आणि शब्द सांगायला मला बोलावते. मोबाइलवर शब्द लिहिलेले येतात, ते वाच म्हटलं, तर म्हणाली, "स्वयंपाकाचं पुस्तक वाचून पोट भरतं का?"

गेल्या रविवारी असाच एक नवा गायक लावला. दोन ओळी झाल्या नि, "काय म्हणतोय?"

मी कंटाळले होते. तिच्या कानाशी ओरडून सांगितलं, "तुझी आठवण येते, म्हणतोय."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आठवणीला तुझ्या कपाळावर आठ्या कशाला?"

मग खरं सांगावं लागलं. "दुसऱ्याकडे गेलीस तर जिवंत सोडणार नाही, म्हणतोय."

तिनं गाणं बंद केलं.

"आणि ती काय म्हणाली?"

"कोण ती?"

"ज्या पोरीला सांगतोय ती."

"ताई, ती गाण्यात नाहीच आहे. तो एकटाच बोलतोय."

"तेच विचारत्ये मी. का न्हाय?"

मी चिडून उठले, रिक्षा केली, घर गाठलं. संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता त्याच चालीवर त्या पोरीचं उत्तर म्हणत होते, तर नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"आत तर कोणीच नाही," तो म्हणाला. "कुणाला दम देतेयस?"