गझाला मॅडमचं मनगट

ढाणकीत अन्सारभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानामागे एक खोली आहे. तिथे त्यांची मुलगी गझाला बारावीच्या पोरींना गणित शिकवायची. आवाज खणखणीत, उत्तर आयतं कधीच द्यायची नाही.

गणिताच्या पेपरच्या दिवशी साडेअकराला नयन दोन दोस्तांना घेऊन आत घुसला. त्याची बहीण सोनू गझालाचीच विद्यार्थिनी, तेव्हा ती परीक्षेच्या वर्गात होती. नयनच्या मोबाइलवर फुटलेल्या पेपरचा फोटो होता.

"मॅडम, सोडवून द्या. खिडकीतून सोनूले टाकाचं हाये."

गझालाने वाचलं. एक्सच्या किमती एक ते चार. प्रोबॅबिलिटीचं फंक्शन दिलेलं, के गुणिले एक्स. के काढायचा, मग एक्स तीन किंवा जास्त येण्याची शक्यता.

"हे सोनूले येते. तू कायले मधात पडतं?"

नयनने तिच्या कानाखाली वाजवली. चष्मा भिंतीवर जाऊन फुटला.

"उत्तर सांग!"

"सांगत नाही. पाहिजे तर शिक. एक्सच्या जागी एकेक किंमत टाक. के, दोन के, तीन के, चार के. एक ते चारमधलं कोणतं तरी येणारच, म्हणून सगळ्या शक्यतांची बेरीज एक. आता काढ तूच."

नयनला जमेना. एक दोस्त फिसकन हसला. त्यासरशी नयनने दारामागची लोखंडी सळई उचलली आणि गझालाच्या उजव्या मनगटावर घातली. ती ओरडली तरी दुसरा घाव तिथेच घातला. हाड कातडीबाहेर आलं.

अन्सारभाई हातोडी घेऊनच धावले. एका फटक्यात नयनचे दोन दात जमिनीवर. दोस्त पळाले.

पोलिसांत दोन्हीकडून तक्रारी गेल्या. नयनच्या घरचे म्हणाले, बापलेकीनंच पोराला बोलावून मारलं. ठाण्यातही ते पटू लागलं होतं.

चौथ्या दिवशी सोनू दवाखान्यात आली. तिचा ओठ सुजला होता.

"मॅडम, मी ठाण्यात सांगून आली. पेपरच्या दिवशी सकाळीच भाऊ म्हणे, मॅडमनं नाही देल्लं तर हात तोडतो. बयान देल्लं म्हणून घरी मले मारलं."

गझालाने विचारलं, "के किती आला?"

"एक भागिले दहा. एक्स तीन किंवा जास्त येण्याची शक्यता सात भागिले दहा."

गझाला रडली, ती पहिल्यांदाच.

सोनू आता कळंबला मामाकडे राहून शिकते. गझालाचं मनगट वाकडंच जुळलं. तिच्या शिकवणीतल्या निम्म्या पोरी घरच्यांनी काढून घेतल्या. नयन जामिनावर सुटला आहे. तो दुकानावरून जातो तेव्हा अन्सारभाई काम थांबवतात आणि तो दिसेनासा होईपर्यंत दारात उभे राहतात.