उस्तादांचा डावा डोळा आणि दोन लेन्स

सोमवारी उस्तादांचा डावा डोळा काढायचा होता. काचबिंदूने त्यातली नजर कधीच गेली होती, आता नुसतं ठणकणं उरलं होतं. फोनवर ते एवढंच म्हणाले, "दोनी डोळ्यांचा एक फोटो पाहिजे. फिल्मवर. ये." मी सुरतेहून निघालो आणि शनिवारी सकाळी सेलूला उतरलो.

सातवीत शाळा सुटली तेव्हा आई-बाप ऊसतोडीला गेलेले होते आणि माझं काय करायचं हे कुणालाच सुचत नव्हतं. उस्तादांनी मला त्यांच्या फोटो स्टुडिओत ठेवून घेतलं. फिल्म धुणं, प्रिंट काढणं, माणसाला स्टुलावर नीट बसवणं, सगळं त्यांनी शिकवलं. आज सुरतेत लग्नाचे अल्बम छापतो, घर चालतंय, ते त्या शिकवण्यावर. म्हणून हा फोटो चुकून चालणार नव्हता. डोळा एकदा गेला की परत बसा म्हणायची सोय नव्हती.

आणि माझेच डोळे आता धड नाहीत. पन्नाशी ओलांडली तशी जवळचं धूसर झालं. कॅमेऱ्यात बघताना चष्मा लावला तर काच आड येते, काढला तर चेहरा पाण्यात पडल्यासारखा. बॅगेत कॅमेरा एक आणि लेन्स दोन होत्या. एक उस्तादांनीच दिलेली, कडं हाताने फिरवून फोकस करायची. दुसरी ऑटोफोकसची, गेल्या वर्षी जुन्या बाजारातून घेतलेली. रात्रभर गाडीत मी दोन्हींवर हात फिरवत होतो. ऑटो लावावी तर उस्ताद काय म्हणतील? हाताची लावावी तर डोळे काय करतील?

घरात अंधार होता. उस्तादांना उजेड सोसत नव्हता. चाची, म्हणजे उस्तादांची बायको, खिडकीच्या पडद्याजवळ उभ्या होत्या. "पडदा उघडला की दहा मोजेपर्यंतच डोळा उघडा राहतो," त्या म्हणाल्या. "मग पाणी येतंय. दोन-चारदा जमंल. जास्त न्हाई."

"मोबाइलवर काढला तर लगेच दिसंल," मी भीत भीत म्हणालो.

"मोबाइलवर पोरांनी शंभर काढलेत," उस्ताद म्हणाले. "ते हाताच्या अंगठ्यानं पुसून जातेत."

ते भिंतीला डोकं टेकून बसले, तोंड थोडं वळवून. डावा डोळा कॅमेऱ्याच्या जवळ येईल असं त्यांनीच वळवलं. एवढ्या कमी उजेडात लेन्स पूर्ण उघडावी लागणार, म्हणजे फोकस एकाच अंतरावर बसून एकच डोळा नीट येणार, हे मला त्यांना सांगावं लागलं नाही.

आधी ऑटो लावली. चाचींनी पडदा सरकवला. लेन्स घुंईं करत पुढे गेली, मागे आली, परत पुढे. कधी कुर्त्याची कॉलर धरायची, कधी काहीच नाही. मी बटन दाबतोय आणि फोकस सापडल्याशिवाय कॅमेरा फोटो घ्यायलाच तयार नाही. उस्तादांच्या गालावरून पाणी ओघळलं. पडदा बंद.

"ह्याला बी चष्मा लागलाय वाटतं," उस्ताद म्हणाले.

दुसऱ्या खेपेला त्यांची जुनी लेन्स. कडं डावीकडे, उजवीकडे. दोन्हीकडे चेहरा सारखाच धूसर. शेवटी अंदाजाने दाबलं. पडदा बंद.

"आला का?"

"म्हाईत न्हाई, उस्ताद. मला दिसंना गेलंय." मी कबूल केलं.

चाची हसल्या. "दोघं आंधळे मिळून फोटो काढायलेत!"

उस्ताद मात्र हसले नाहीत. "धागा कुठंय?" ते म्हणाले.

धागा! स्टुडिओत वीज नसली की ते धाग्याने मापायचे. जाड दोरा, फुटाफुटावर गाठ. एक टोक गिऱ्हाइकाच्या डोळ्याच्या कोपऱ्याला, दुसरं कॅमेऱ्याला. जितक्या गाठी तितका आकडा लेन्सच्या कड्यावर लावायचा. बघायची गरजच नाही. चाचींनी पेटीतून दोरा काढला, मळकट झालेला, पण गाठी शाबूत.

चाचींनी एक टोक उस्तादांच्या डोळ्याजवळ धरलं. मी दुसरं ओढून कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं मागेपुढे केलं, चौथी गाठ लेन्सच्या तोंडाला टेकवली आणि कडं चारवर आणलं. पडदा, उजेड, बटन, पडदा.

"दोरा कुठं लावलास?" उस्तादांनी डोळे मिटूनच विचारलं. "खटका लांबून वाजला."

"लेन्सच्या तोंडाला."

"शिकिवलेलं समदं सुरतेत इकून खाल्लंस का रे? फिल्म कुठं राहती? तोंडात का पोटात?"

कॅमेऱ्याच्या माथ्यावर बारीक गोल खूण असते, फिल्म आत नेमकी तिथे असते. माप तिथून धरायचं. मी लेन्सच्या लांबीएवढा चुकलो होतो, फोकस नाकाच्याही पुढे हवेत पडला होता.

"अजून एकदा सोसंल का?" मी विचारलं.

"तू नीट धर. माझं मी बघतो."

कॅमेरा पुढे सरकवून चौथी गाठ खुणेवर आणली. बोटाने चाचपून दोनदा पाहिलं. चाची दोरा सोडून पडद्याकडे गेल्या. उजेड आला. उस्तादांनी डोळा उघडला आणि मिटला नाही. मी दाबलं.

सोमवारी ऑपरेशन झालं, तेव्हा मी सुरतेत होतो. रात्रपाळीऐवजी दिवसपाळी घेतली आणि दुपारी फिल्म धुतली. भिंगातून निगेटिव्ह बघून मला काही कळेना. मग कामावरच्या मशीनवर शेवटचा फोटो मोठा केला, स्क्रीनवर मावेना एवढा. बराच वेळ बघत बसलो. मग फोन लावला.

"बोल," उस्तादांचा आवाज बारीक झाला होता.

"आला, उस्ताद."

"कशावरनं? तुला तर दिसत न्हाई."

"डाव्या डोळ्यात खिडकी दिसतेय. गज मोजता येतात. आन् पडदा धरून चाची उभ्या हायत."

फोटोवाल्याची बायको असून चाचींनी जन्मात कुणाला आपला फोटो काढू दिला नव्हता. उस्तादांनी फोनवरून तोंड फिरवून हाक मारली, "अजी, सुनती क्या? तूबी आली गं फोटोत."

लांबून चाचींचा आवाज आला, "मला न इचारता? पदर तरी नीट हाय का, बघ म्हणावं त्याला."