शहाताची नियत

नजा सुवेलिम गावात साप निघाला की माणसं काठी शोधत नसत, हसबल्लाला शोधत. हसबल्ला रिफाई पंथाचा. बाप साप धरायचा, आजा साप धरायचा, आणि हसबल्लाही धरायचा, तेही झकास. भिंतीला नाक लावून हुंगायचा, "मादी आहे, पिल्लं घातलीयत," असं काहीतरी ठोकून द्यायचा, छडीनं जमिनीवर दोनदा मारायचा आणि बघता बघता साप पिशवीत. पिशवीत एक साप घरूनच भरून आणतो, असं त्याचा मेव्हणा म्हणे. पण मेव्हण्याच्या बोलण्यावर कोण जातं.

साप धरण्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार करायला हवी होती ती त्याच्या पाण्याबद्दल, आणि ती कोणीच करत नव्हतं.

दरवर्षी ऊसतोड सुरू व्हायच्या आधी एका शुक्रवारी तो मशिदीच्या अंगणात बसायचा. वाटीत पाणी घ्यायचा, त्यावर कुराणातल्या आयती पुटपुटायचा, फुंकर मारायचा आणि एकेकाला घोट घोट पाजायचा. पाजण्याआधी वचन घ्यायचा: साप चावला तर दुसऱ्या कोणाचा हात लावून घेणार नाही. त्या वचनाला एक शेपूटही होतं. ज्याची नियत साफ, त्याला विष चढत नाही. हे शेपूट फार सोयीचं. माणूस वाचला तर पाणी पावलं, मेला तर नियत मैली. आणि सगळे साप काही विषारी नसतात, विषारी असला तरी दरवेळी विष सोडतोच असं नाही, त्यामुळे वाचणारेच जास्त. त्यांच्या जिवावर हसबल्लाचं नाव मोठं होत गेलं.

हसबल्लाला हे कळत नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. बारा वर्षांपूर्वी त्याला स्वतःलाच नाग चावला होता, पोटरीला. तासाभरात पापण्या जड झाल्या, थुंकी गिळवेना. मग या वचनवाल्यानं काय केलं? रुमालात तोंड लपवलं, तडक केना शहरातलं सरकारी रुग्णालय गाठलं, तिथे सहा दिवस सुया टोचून घेतल्या आणि परत येऊन उरुसाला गेलो होतो म्हणून सांगितलं. बायकोलासुद्धा तेच सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एवढ्यावर भागलं असतं तर सोडून देता आलं असतं. स्वतःचं नाक राखायला माणूस खोटं बोलतोच. पण तीन वर्षांपूर्वी उसाला पाणी देताना गावातल्या शहाताला नाग चावला. शहाता पाणी प्यालेला, वचन दिलेला. तो घरच्या अंगणात आईच्या मांडीवर डोकं ठेवून स्वस्थ पडून राहिला. हसबल्लानं येऊन हात फिरवला, आयती म्हटल्या, पुन्हा पाणी पाजलं. थोड्या वेळानं शहाताच्या पापण्या उतरायला लागल्या. ते ओझं त्यानं स्वतःच्या डोळ्यांवर सोसलं होतं. 'केन्याला न्या' हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. पण अंगणात चाळीस माणसं उभी होती आणि सगळी त्याच्याच तोंडाकडे बघत होती. त्यानं शब्द गिळले. तीन तासांनी शहाता गेला.

तिसऱ्या दिवशी लोक विचारायला लागले, तेव्हा हसबल्ला म्हणाला, "पाण्याचा काय दोष? बिचाऱ्याची नियतच मैली असेल."

ते एक वाक्य गावभर झालं. शहातानं दुसऱ्याच्या पाळीचं पाणी चोरलं होतं, असं कोणी म्हणू लागलं. कोणी म्हणालं, बायकोच धड नव्हती. शहाताच्या आईनं, उम्म शहातानं, सुनेशी बोलणं टाकलं. आपला मुलगा सोन्यासारखा होता, त्याची नियत बिघडली ती हिच्या संगतीनं, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं. सून नबाविया एका चुलीवर आणि सासू दुसऱ्या चुलीवर, असं त्या घरात सुरू झालं. हसबल्ला त्या गल्लीतून जाईनासा झाला. पिठाच्या गिरणीला जायचं तरी कालव्यावरून वळसा घालून जायचा. त्याला लाज वाटत होती, खूप वाटत होती. पण लाज वाटणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं.

यंदा तोड ऐन भरात असताना, एका दुपारी मुकादम अबूलवफा मोटारसायकल फटफटवत दारात आला.

"शेख, चला लवकर. शहाताच्या बायकोला नाग चावलाय."

"कुठाय ती?"

"उसातच बसलीय. तिचं काही विचारू नका, आम्हीच घाबरलोय, ती नाही. म्हणते, मी शेखबाबांचं पाणी प्यालेय, ते येतील."

नबाविया म्हशीसाठी उसाच्या शेंड्यांचं वाढं गोळा करायला गेली होती. वाढ्याच्या ढिगाखालीच नाग होता. आता ती एका मोळीला टेकून बसली होती, डावा हात मांडीवर ठेवून, जशी कोणी पाहुण्यांची वाट बघत बसावी. भोवती पंधरावीस तोडणीवाले. त्यातला एक कोयता पुसत होता.

"कोयता ठेव खाली," हसबल्ला म्हणाला. "चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचंही नाही. कधी चावला?"

"दुपारची बांग होत होती," नबाविया म्हणाली. "बघा काका, हात तरी थरथरतोय का माझा? तुम्ही हात फिरवा म्हणजे झालं."

हात खरंच थरथरत नव्हता. हसबल्लानं तिच्या त्या हातातल्या बांगड्या उतरवल्या, अंगठी काढली. उसाचं एक कांडं हाताखाली धरून रुमालानं सैलसं बांधलं, हात हलू नये म्हणून. हे सगळं तो केन्याला पलंगावर पडल्या पडल्या शिकला होता. मग तो अबूलवफाला म्हणाला, "पिकअप बांधापर्यंत आण. हिला चालवायचं नाही. उचलून न्यायचं."

"कुठे न्यायचं?" नबावियानं विचारलं.

"केन्याला. रुग्णालयात."

"नाही."

"पोरी, ऐक."

"वचन दिलंय मी तुम्हाला."

"मी सोडवलं तुला वचनातून, जा."

"तुम्ही सोडवाल, गाव सोडवेल का?" तिचा आवाज चढला नव्हता. बाजारातला भाव सांगावा तसं ती सांगत होती. "नवरा मैल्या नियतीचा म्हणून मेला आणि बायको वचन मोडून पळाली, हेच म्हणतील ना? सासूबाई तर तीन वर्षं टपून बसल्यायत. नाही काका. माझी नियत साफ आहे. मी इथंच बसते. माझ्या संगतीनं तो बिघडला म्हणतात ना, मी वाचले की माझंही कळेल आणि शहाताचंही कळेल."

बोलताना तिची डावी पापणी उजवीपेक्षा खाली आली होती. तिला ते ठाऊक नव्हतं. हसबल्लाला दिसत होतं, आणि पुढे काय होणार तेही दिसत होतं. आधी पापण्या, मग जीभ, मग मान, मग श्वास. साप चावला तर घाबरू नये, हातपाय झाडू नयेत, हे तो आयुष्यभर लोकांना सांगत आला होता, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण ही बाई शांत होती ती त्याच्या थापेवर विसंबून. ती अशीच शांतपणे मेली असती.

माणसं मोजू नयेत असं हसबल्लाला वाटत होतं, तरी त्यानं मोजली. अठरा होती.

"बारा वर्षांमागे मला नाग चावला," तो म्हणाला. "मी केन्याला गेलो होतो."

"उरुसाला गेला होता तुम्ही," अबूलवफा म्हणाला. "येताना आम्हाला फुटाणे आणले होते."

"फुटाणे रुग्णालयाच्या फाटकाबाहेर घेतले. कसला उरूस अन् कसलं काय. सहा दिवस पलंगावर पडून होतो नळ्या लावून. माझ्या पाण्यानं काही होत नाही. मला झालं नाही, हिला काय होणार?"

एक जण हसला, आणि बाकी कोणी हसत नाही म्हणून गप्प झाला. आपण इतक्या माणसांसमोर नागडे उभे आहोत, असं हसबल्लाला वाटलं. कोणी शिवी तरी हासडावी. पण अबूलवफा मान वळवून उसाकडेच बघायला लागला.

नबाविया मात्र त्याच्याकडे बघत होती.

"मग शहाता?" तिनं विचारलं.

"गाडीत सांगतो. आधी तुला उचलू दे."

"इथं सांगा. नाहीतर मी हलत नाही."

तिची जीभ जड व्हायला लागली होती. हसबल्लानं ते ऐकलं, आणि मग त्याच्यानं राहवलं नाही.

"त्याची नियत साफ होती. माझी मैली होती. मला कळत होतं, तरी मी बोललो नाही."

नबावियानं डोळे मिटले. ते विषानं मिटले की ऐकून, हे कोणाला कळलं नाही. तिनं उजवा हात पुढे केला, आणि चौघांनी तिला उचललं.

पिकअपमध्ये तिला एका कुशीवर झोपवलं. हसबल्ला तिचं डोकं धरून बसला, पण मांडीवर घ्यायचा त्याला धीर झाला नाही. पुलापाशी ती अडखळत म्हणाली, "सासूबाईंना... तुम्ही सांगायचं. मी नाही." त्यानंतर ती बोलली नाही. केन्याला पोचली तेव्हा तिला मान सावरता येत नव्हती. डॉक्टरबाईंनी प्रतिविषाची इंजेक्शनं दिली, श्वासाचं यंत्र लावलं. "उशीर केलात," त्या हसबल्लाला म्हणाल्या. "अजून तासभर केला असतात तर काही उरलं नसतं." त्या त्याला तिचा बाप समजत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र काढलं, आणि नबाविया आपणहून पाणी प्यायली.

हसबल्ला रुग्णालयातून निघाला तो थेट त्या गल्लीत गेला. गाव त्याच्या आधीच सगळं बोलून मोकळं झालं होतं. गिरणीपाशी कोणीतरी "उरूस कसा झाला, शेख?" म्हणून विचारलंसुद्धा. तो न थांबता पुढे गेला.

उम्म शहाता दारात बसून मसूर निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"सून वाचली," हसबल्ला म्हणाला.

"ऐकलं."

"शहाताची नियत साफ होती, आई. मीच खोटं बोललो होतो."

"परत म्हण."

त्यानं परत म्हटलं. पहिल्यापेक्षा जड गेलं. म्हातारीचा हात ताटात तसाच राहिला.

"त्या दिवशी तू यायच्या आधी दारात गाडी उभी होती," ती म्हणाली. "माझ्या भाच्यानं आणली होती. शहाता म्हणाला, आई, जाऊ का? मी म्हटलं, नको, शेख निघालाय. भाच्याला मीच परत पाठवलं."

हसबल्लाला हे माहीत नव्हतं. खाली बसावं असं त्याला वाटलं, पण त्या उंबऱ्यावर बसायचा आपल्याला काय हक्क, म्हणून तो उभाच राहिला.

"त्या गाडीतून गेला असता," म्हातारीनं विचारलं, "तर वाचला असता?"

असल्या प्रश्नाला त्याच्यापाशी जन्मभराचं एक तयार उत्तर होतं: अल्लाच जाणे. कोणीही ते मान्य केलं असतं. म्हातारीही कदाचित तेवढ्याचीच वाट बघत होती, तिलाही त्यात रात्री झोपण्यापुरती जागा मिळाली असती. तिच्यावर दया करून तरी ते म्हणावं, असं त्याच्या मनात आलं. मग त्याला आठवलं की त्या दिवशी अंगणातही त्यानं अशीच स्वतःची समजूत घातली होती.

"वाचला असता," तो म्हणाला.

उम्म शहातानं मसूर तसाच ठेवला. भिंतीला धरून उठली, खुंटीवरची काळी शाल घेतली आणि डोक्यावरून पांघरली.

"नबाविया कुठल्या मजल्यावर आहे?"

"दुसऱ्या. मी गाडी आणतो."

"तू नको," ती म्हणाली, आणि हमरस्त्याकडे एकटीच चालायला लागली.