दुरुस्तीआबा

दुरुस्तीआबांना साधा पंखासुद्धा दुरुस्त करता येत नसे. गावात नवीन आलेली एक सून बिघडलेला मिक्सर घेऊन त्यांच्याकडे गेली, तेव्हा तेच पोट धरून हसले. हे नाव त्यांना पडलं ग्रामसभेत. कुणी काहीही वाचलं की ते उठणार आणि म्हणणार, "माजी एक दुरुस्ती हाय."

टाकव्याच्या पुढचं आमचं गाव. मी सरपंच झाले आणि माझ्या डोकेदुखीला सुरुवात झाली.

आबा लोणावळ्याला रेल्वेत गँगमन होते. निवृत्तीनंतर त्यांना संसदेचं वेड लागलं. राष्ट्रपतींचं अभिभाषण असलं की इस्त्रीचा सदरा घालून टीव्हीपुढे बसायचे. घरात भांडं वाजवायची सोय नव्हती. मग त्या भाषणाच्या आभाराच्या ठरावावर कित्येक दिवस चर्चा चाले, तीही शेवटपर्यंत ऐकायची. रानातला हरभरा वाळला तरी बेहत्तर.

माझ्या पहिल्या सभेत ग्रामसेवकांनी लिहून दिलेलं भाषण मी वाचलं. 'वरच्या वाडीच्या नळाचं काम प्रगतिपथावर आहे' म्हटलं आणि आबा उठले.

"हे कुनी लिवलं?"

मी ग्रामसेवकांकडे बघितलं.

"राष्ट्रपतीबी सरकारनं लिवल्यालं वाचत्यात. वाचून निगून जात्यात, उत्तर पंतप्रधान देत्यात. तितं रिवाजच हाय तसा. तुला कुटं जायाचंय? तूच दे उत्तर."

सगळे हसले. घरी येऊन मी पातेली आपटली.

पुढे प्रत्येक सभेत तेच. चहा गार व्हायचा, पण आबांची दुरुस्ती संपायची नाही. शेवटी एकदा वैतागून मी कागद बाजूला फेकला. "वाडीत पाणी आलेलं नाही. पाइप नुसते पडून आहेत. ठेकेदार फोन उचलत नाही आणि त्याच्या दारात एकटीनं जायची मला भीती वाटते."



"आता चर्चा करता यील," आबा म्हणाले आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या बायका माझ्याबरोबर ठेकेदाराच्या दारात उभ्या होत्या. उन्हाळ्याआधी पाणी आलं. आबांनी माझ्या आभाराचा ठराव मांडला आणि त्यालाही स्वतःच दुरुस्ती सुचवली, "उशीर झाल्याबद्दल खेदबी नोंदवा." काय बोलावं या माणसाला!

गेल्या पावसाळ्यात आबा गेले. त्यानंतरची सभा चुटकीसरशी संपली. भाषण झालं, टाळ्या झाल्या, लोक चपला शोधू लागले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"बसा खाली! शाळेच्या गळक्या छपराबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. कुणालाच विचारावंसं वाटत नाही?"

मागून एक म्हातारी उठली. "मी इचारते. कवा हुनार ते?"

मला ठाऊक नव्हतं. मी तसं सांगितलं, आणि लोक परत खाली बसले.