पाहुण्यांच्या गळ्यातला पळस

आमच्या निसर्गप्रेमी मंडळाची वसंतातली भटकंती धारूरच्या घाटात सकाळी सहाला सुरू होणार होती. म्हणजे आम्ही सहाला पोचलो. सुरू व्हायची ती प्रमुख पाहुणे आल्यावर. आपल्याकडे पुढारी आल्याशिवाय पाखरंसुद्धा बघता येत नाहीत.

मला एरवी असल्या भटकंतीची हौस नाही. पण अंबाजोगाईला बायकोच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले होते आणि काळा चष्मा आज पहिल्यांदा उतरवायला मिळणार होता. डॉक्टरांनी तसं सांगितल्यावर बाईसाहेबांनी साडी मागितली नाही. पळसावरचा शिंजीर मागितला. फुलात बाकदार चोच घालून मध पिणारा अंगठ्याएवढा पक्षी. तो काळा, असं ती लग्नापासून सांगत आली. मी म्हणायचो निळा. अलीकडे तर तिला पळसच धड दिसत नव्हता, पण हेका कायम.

घाटाच्या वळणावरचा ऐन बहरातला पळस मी मुद्दाम हेरून ठेवला होता. पोचलो तर झाड ओकंबोकं, आणि खाली स्टेज.

"फुलं कुठं गेली?" मी एका कार्यकर्त्याला विचारलं.

"सायबाच्या हाराला घेतली की सर! म्हनलं, कार्यक्रम निसर्गाचा, झेंडू कशाला आनायचा?"

बायको मान वर करून नुसत्या फांद्यांकडे बघत होती. मला संताप आला आणि रडूही.

ऊन चढल्यावर साहेब आले. लाउडस्पीकर सुरू झाला आणि उरलीसुरली पाखरं पलीकडच्या तालुक्यात गेली. मंडळात सभासदांपेक्षा पदाधिकारी जास्त, त्यामुळे सत्कार पुष्कळ वेळ चालला. मग गळ्यात अख्खा पळस घालून साहेबांनी आवाहन केलं, "झाडाचं एक पान बी तोडू नका!"

पत्रिकेत कीटकनिरीक्षणही होतं. ते मात्र वेळेवर सुरू झालं. मध शोधत मधमाश्या थेट हारावर उतरल्या. साहेबांनी हार फेकला आणि गाडीकडे धूम ठोकली. साहेब पळाले की कार्यकर्ते पळणारच. पाच मिनिटांत घाट मोकळा.

बायको जागची हलली नव्हती. तिने माझी बाही ओढली. शिडी पोचली नाही अशा शेंड्यावर फुलांचा एक झुबका राहिला होता, आणि त्यावर शिंजीर आला होता. तिने काळा चष्मा काढला. पक्षी वळला, अंगावर ऊन पडलं.

"अहो, निळाच हाय की हो," ती म्हणाली.

इतक्या वर्षांनी जिंकलो होतो. काहीतरी खोचक बोलायला मी तोंड उघडलं, तोवर पक्षी उडाला आणि ती माझ्याकडे वळली. चष्मा हातातच होता. बराच वेळ बघत राहिली.

"आन तुमी," ती हळूच म्हणाली, "एवढे म्हातारे कवा झालात?"